अनामिक वीरगळ : वाचन आणि पूजन

महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी रूढ आहेत. अभ्यासक त्यांत काळ, शस्त्रे आणि वेशभूषा शोधतो. गावातील माणूस त्यांवर तांब्याभर पाणी घालतो, शेंदराचे बोट लावतो आणि कामास जातो. पहिल्याच्या लेखी दुसरा अज्ञ ठरतो. कारण ज्यास म्हसोबा वा भैरोबा समजून तो हात जोडतो, तो मुळात लढून पडलेला एक मनुष्य होय, हे त्यास बहुधा ठाऊक नसते. हा आक्षेप खोटा नाही. तथापि वीरगळ ही एक संहिता मानून तिचा विचार केल्यास, या अज्ञ वाचकानेच तिचा काही हेतू राखला आहे, असे म्हणावे लागते.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘वीरगळ’ हे कन्नड ‘वीरगल्लु’चे मराठी रूप. ‘कल्लु’ म्हणजे दगड. समासात त्यातील ‘क’चा ‘ग’ होतो. कन्नड भाषिकास या शब्दातील दगड अजूनही ऐकू येतो. मराठी भाषिकास ‘गळ’ या घटकातून तसा काहीच बोध होत नाही. रूप टिकले, व्युत्पत्ती विस्मरणात गेली. शब्दाची जी गत झाली तीच त्याने दर्शविलेल्या वस्तूची झाली.

वीरगळाची रचना ठरीव आहे व तो खालून वर वाचावयाचा असतो. खालच्या चौकटीत युद्ध किंवा गाईंच्या रक्षणार्थ झालेली झुंज आणि आडवा पडलेला वीर. त्यावर त्यास घेऊन जाणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. आणि माथ्यावर स्मृतीच्या चिरंतनत्वाची ग्वाही देणारे चंद्रसूर्य. वीराचे नाव मात्र महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर नाही. कर्नाटकात कोरीव लेख असलेले वीरगळ विपुल असल्यामुळे ही उणीव अधिकच जाणवते.

या संदर्भात कर्नाटकातील आतकूर येथील शिळेचे उदाहरण उद्बोधक आहे. शके ८७२ च्या, म्हणजे इसवी सन ९४९-५० च्या सुमाराच्या या कन्नड लेखात रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याचे स्मरण आहे. त्याच्यासाठी जमीन लावून दिली आहे; एवढेच नव्हे, तर शिळेची पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्यास त्या कुत्र्याचे पाप लागेल, असा धाकही घातला आहे. येथे नाव आहे, उत्पन्न आहे आणि आज्ञाही आहे. ही शिळा आज बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. उलट आपल्याकडील अनामिक वीरगळास ना नाव, ना इनाम, ना शापवचन. तरीही त्यापुढे फूल पडते. आतकूरची पूजा हे बांधून दिलेले कर्तव्य होते. ही पूजा कोणी सांगितलेली नाही. या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीचे मोल नेमके तेथेच आहे.

विस्मृत मृतांसाठी आपल्या परंपरेने अन्यत्रही जागा राखली आहे. तर्पणविधीच्या अखेरीस वस्त्र पिळून त्याचे पाणी कुळातील निपुत्रिक मृतांना दिले जाते. माघ शुद्ध अष्टमीस भीष्मासारख्या निःसंतानास, तो आपला कोणी नसताही, अंजली दिली जाते. भीष्मास नाव तरी आहे. पिळलेल्या वस्त्राचे पाणी मात्र विशेषनामाने नव्हे, तर ‘जे कोणी’ अशा सर्वनामाने दिले जाते. अनामिक वीरगळ हे असेच दगडातील सर्वनाम होय. ‘जो कोणी येथे पडला तो’ एवढाच त्याचा अर्थ. आणि सर्वनाम असल्यामुळेच, वीराचे वंशज उरले नाहीत तरी ते कोणाही वाटसरूस उच्चारता येते.

या तुलनेस एक मर्यादा आहे. तर्पण करणारा मृतास जाणूनबुजून पाणी देतो. वीरगळ पूजणाऱ्यास तेथे कोणी मृत आहे याचीच जाणीव नसते. शिवाय संहितेत वीर हा भक्त आहे, वरच्या चौकटीत तो स्वतःच पूजा करीत आहे. वाचकाने त्यालाच देव केले. हा अर्थाचा सरळ विपर्यास आहे, आणि शेंदराच्या पुटांखाली अप्सराही दिसेनाशा होतात. तेव्हा ही कृती म्हणजे स्मरण, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तिला राखण म्हणणे अधिक यथार्थ. पूजेतून सुटलेले कितीतरी वीरगळ देवळांच्या पायऱ्यांत, शेतांच्या बांधांत आणि वाड्यांच्या भिंतींत चिणलेले आढळतात. ज्यास कोणी पाणी घातले तो निदान उभा राहिला. वाचकाने अर्थ गमावला, पण संहिता जपली; आणि अर्थ पुन्हा शोधता येतो तो संहिता उरली तरच.

सेट्टर व सोन्थायमर यांनी संपादिलेला स्मारकशिळांविषयीचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. स्मारकशिळा हा शिल्पशास्त्राइतकाच लोकधर्माचाही विषय आहे, हे मान्य होण्यास त्याचे मोठे साहाय्य झाले. क्षेत्रीय पाहणीच्या टिपणांत मात्र ‘शेंदरामुळे शिल्प अस्पष्ट’ असे लिहून पुढे जाण्याकडेच अद्याप कल दिसतो. वस्तुतः तो शेंदूर कोण लावतो, कोणत्या तिथीस, कोणते नाव घेऊन, हाही त्याच संहितेचा उत्तरभाग होय. शिळा खरवडून स्वच्छ केली वा उचलून संग्रहालयात नेली, म्हणजे पहिला भाग वाचनीय होतो आणि दुसरा कायमचा पुसला जातो. दगड हलविणे कधी अपरिहार्य असेल. परंतु त्यापूर्वी पूजणाऱ्या हातांची नोंद झाली नाही, तर एका विस्मृत मृताचा शोध घेताना त्यास आजवर सांभाळणारे तितकेच अनामिक लोक विस्मृतीत लोटले जातील.