दैन्य की नम्रता?

आमच्या नगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) एकाच महारवाड्यातून निघालेली माणसे तीन वाटांनी गेली. माझ्या घरचेच पाहा. थोरल्या मावशीचे सासर मिशनच्या मंडळीतले, धाकटीचे कॅथलिक, आणि आम्ही बौद्ध. धाकटी दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाते. थोरली तिला म्हणते, "देव सोडून त्याच्या आईच्या पाया पडायला जातीस व्हय?" धाकटी म्हणते, "ज्याची आई नको, त्याचा लेक कसा चालतो गं तुला?"

हे भांडण मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे शिकलो, कॉलेजात शिकवू लागलो, तेव्हा कळले की हे भांडण मूळचे या दोघींचे नाही. युरोपात ते पाचशे वर्षांपूर्वी पेटले आणि मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यांतून आमच्या वस्तीत आले. मरियेकडे मध्यस्थी मागावी की नाही, ती पापाच्या डागावाचून जन्मली काय, ती सदेह स्वर्गात गेली काय, असे त्याचे मुद्दे आहेत. दोन्ही बाजूंनी ग्रंथांचे ढीग पडले. परंतु ही बाई समाजाच्या कोणत्या थरातली होती, हा प्रश्न या वादात कायम मागच्या ओटीवर बसलेला दिसतो. मला तो पुढे आणावयाचा आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरियेचे एक गीत आहे. ते तिचे स्वतःचे की लूकने तिच्या तोंडी घातलेले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या करारातील हन्नेच्या गीताची छाया त्यावर स्पष्ट आहे. आशय मात्र रोखठोक आहे. बलवंतांना आसनावरून खाली उतरविणारा, भुकेल्यांना पोटभर देणारा आणि धनवानांना रिकाम्या हातांनी परत लावणारा देव त्यात आहे. गाणारी स्वतःविषयी दोन शब्द वापरते. मूळ ग्रीकमधला पहिला शब्द 'दूले', म्हणजे गुलाम स्त्री, दासी. दुसरा 'तापेइनोसिस'. लॅटिन बायबलात त्याचे 'हुमिलितास' झाले, आणि मध्ययुगीन चर्चमध्ये त्याचा अर्थ नम्रता हा सद्गुण असा रूढ झाला. म्हणजे देवाने मरियेची नम्रता पाहिली व प्रसन्न होऊन तिला निवडले.

१५२१ साली मार्टिन ल्यूथरने या गीतावर भाष्य लिहिले आणि हा अर्थ नाकारला. त्याचे म्हणणे असे की, जो खरा नम्र असतो त्याला आपण नम्र आहोत याची जाणीवच नसते. मग मरिया आपल्या नम्रतेची फुशारकी कशी मारील? येथे ती आपली हीन, कुणी न मोजणारी अवस्था सांगते आहे. देवाने पाहिले ते तिचे दैन्य. प्रचलित मराठी बायबलातही या ठिकाणी 'दैन्यावस्था' असाच शब्द आहे.

एका शब्दाचा एवढा काथ्याकूट कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला माझे उत्तर माझ्या आईचे आहे. ती पाटलाच्या वाड्यावर शेणकूर करी. गावात तिची ख्याती होती, "बाई मोठी नम्र. कधी वर तोंड करून बोलत नाही." आई नम्र नव्हती. घरी तिच्या जिभेला धार होती. वाड्यात ती वर पाहत नसे, कारण वर पाहिले की दुसऱ्या दिवशीचे काम जाई. तिची अवस्था तिचा गुण म्हणून सांगितली की वाड्याला काही बदलावे लागत नव्हते. मराठी संतवाङ्मय वाचतानाही हा भेद केला पाहिजे. सुस्थितीतला कवी स्वतःला देवाचा दास म्हणतो तेव्हा ती भक्तीची भाषा असते. दुसऱ्याच्या घरी राबणारी जनाबाई दासी म्हणते तेव्हा त्या शब्दात दळण, कांडण आणि शेणी येतात.

तेव्हा या शब्दापुरता माझा कौल ल्यूथरकडे आहे. परंतु तो तेथेच थांबतो. हे भाष्य त्याने सॅक्सनीच्या राजघराण्यातील योहान फ्रीडरिश या तरुणाला अर्पण केले. बलवंतांच्या ओळीवर आल्यावर तो सांगतो की, देव आसने मोडतो असे मरिया म्हणत नाही, आसनावरच्या माणसांना उतरवतो एवढेच म्हणते. जग आहे तोवर सत्ता आणि आसने राहणारच. मरियेचे दैन्य ओळखणाऱ्या भाष्यकाराने आसनाला असे अभय दिले.

याच अध्यायावर १५२४ साली टॉमास म्युंट्सर या धर्मोपदेशकाने दुसरे भाष्य लिहिले. त्याचा रोख सत्ताधाऱ्यांवर आणि त्यांच्या ताटाखालच्या पंडितांवर होता. त्याच सुमारास जर्मनीतील शेतकरी उठले. ल्यूथरने राजांना त्यांची कत्तल करण्यास सांगणारे पत्रक काढले. मे १५२५ मध्ये म्युंट्सरचा शिरच्छेद झाला. या युद्धात मेलेल्या शेतकऱ्यांचा अंदाज १ लाखापर्यंत जातो. एकाच गीताचे दोन वाचक असे समोरासमोर उभे होते, आणि दोघेही रोमच्या विरोधातलेच होते. म्हणून मी म्हणतो, या गीताच्या संदर्भात खरी फूट कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या रेषेवर पडलेली नाही.

गंमत अशी की, ल्यूथर त्या भाष्याच्या आरंभी देवाच्या आईची कृपा मागतो. प्रॉटेस्टंटांची पुढची अलिप्तता त्याच्यात नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने संतांचे स्मरण करा पण त्यांचा धावा करू नका, असे ठरविले, आणि हळूहळू प्रॉटेस्टंट उपासनेत मरिया नाताळच्या देखाव्यापुरती उरली. कॅथलिकांनी तिला उंच नेले. १८५४ साली तिचा निष्कलंक गर्भसंभव आणि १९५० साली तिचे सदेह स्वर्गात जाणे हे धर्मसिद्धान्त झाले. एकीकडे ती देव्हाऱ्यातून गेली, दुसरीकडे देव्हाऱ्यात इतकी वर गेली की तिचे दैन्य दिसेनासे झाले. मुकुट आणि निळा शालू पांघरलेली ही बाई कुणाची दासी होती, असे धाकटीच्या घरच्या तसबिरीकडे पाहून कुणाला वाटणार?

कॅथलिकांतही सारे एकमत नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज असावा की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर प्रकरण असावे, यावर मतदान झाले. १११४ विरुद्ध १०७४ मतांनी दुसरी बाजू जिंकली; अंतर अवघे ४० मतांचे. १९७४ साली पोप सहावा पॉल यांनी लिहिले की, मरिया ही मुकाट सोसणारी स्त्री नव्हती, दीनदलितांची बाजू घेणाऱ्या देवाची तिने घोषणा केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला 'सहतारक' म्हणणे उचित नाही, असे व्हॅटिकनने जाहीर केले. दोन्ही पंथांतले अंतर त्यामुळे थोडे कमी होईल. मला त्याचा आनंद आहे. परंतु तिची पदवी कोणती, हाच प्रश्न धरून दोघे जवळ आले, तर तिच्या गीताला त्याचा काय उपयोग?

गेल्या वर्षी दोघी मावश्या आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना ते गीत वाचून दाखविले. दोघींनाही ते पाठ होते, एकीला उपासनेतून, दुसरीला मिस्सेतून. दोघींनी मान हलविली. आई तेवढी म्हणाली, "पुन्हा वाच." मी भुकेल्यांची ओळ पुन्हा वाचली. ती म्हणाली, "मग झालं का तसं?"

पाचशे वर्षांच्या वादात हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांचे काय झाले, ते वर सांगितलेच आहे. 'नम्रता' म्हणून वाचणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. 'दैन्य' म्हणून वाचणाऱ्याला तो पडलाच पाहिजे, आणि ल्यूथरप्रमाणे आसनापाशी येऊन थांबता येणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांना धर्मग्रंथ शिकवायचे असोत की संतवाङ्मय, तेथे दासी, दीन, नम्र हे शब्द आले की आधी विचारावयास शिकविले पाहिजे: हे कोण म्हणते आहे, आणि त्या वेळी त्याला बसायला जागा होती काय?