हॅचरीचा मासा कशाशी तोलायचा?

'आर्टिफिशल' (2019) ही पॅटागोनिया कंपनीची डॉक्युमेंटरी हॅचरीच्या सॅमनवर तुटून पडते. जनुकीय मुद्दा पक्का आहे: हूड नदीवरच्या 2007 च्या अभ्यासात सॅमनच्या भावकीतल्या स्टीलहेडची प्रजननक्षमता हॅचरीतल्या दर पिढीमागे सुमारे 40 टक्के घटलेली दिसली. पण पेपर असो की फिल्म, तुलना कशाशी चाललीय ते आधी बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवर 1913 मध्ये माशांना वाट न ठेवताच धरण झालं. समुद्रातून येणारा सॅमन आठेक किलोमीटरवर अडला. 1855 च्या करारात क्लालम लोकांचा मासेमारीचा हक्क राखलेला होता. धरण उभं असताना हॅचरीला पर्याय काय, तर रिकामं जाळं! फिल्म इथे घाई करते. धरणं 2014 पर्यंत पाडली. मासे सावरावेत म्हणून क्लालमांनी 2011 पासून नदीतली मासेमारी थांबवली, ती 2023 मध्ये सुरू केली, तीही मोजकीच.