'नंबर' आणि 'क्रमांक' : एका प्रतिशब्दाची परीक्षा

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन प्रकारे होतो. कोशकार त्या शब्दापुढे एखादा संस्कृत प्रतिशब्द ठेवून थांबतो. शुद्धिवादी तो शब्द भाषेतून घालवावा असा आग्रह धरतो. दोघांचेही एक गृहीत समान असते : मराठीत वावरणारा शब्द आणि त्याचे इंग्रजीतील मूळ हे एकच होत. 'नंबर' या नित्याच्या शब्दापुरते हे गृहीत तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सोनई परिसराच्या व्यवहारातून घेतली आहेत. नेवासे तालुक्यातील या गावी सहकारी साखर कारखाना आहे, भोवतालच्या शेतीला मुळा धरणाच्या कालव्याचे पाणी आहे, आणि जमिनीचे कोणतेही काम सातबाऱ्यावाचून पुढे सरकत नाही. ऊस, पाणी आणि जमीन या तिन्ही ठिकाणी 'नंबर' हा शब्द पदोपदी भेटतो. अर्थात हा वापर सोनईपुरता नाही. बागायती महाराष्ट्रात तो सर्वत्र आढळेल.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. लॅटिन 'नूमेरस'पासून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा तेथील मुख्य अर्थ संख्या हा आहे. शिवाय अंक, व्याकरणातील वचन, नियतकालिकाचा अंक, 'कित्येक' अशा अर्थाचा वाक्प्रयोग, हे सारे त्याच्या पोटात येते. मराठीने यांपैकी काय घेतले? 'सभेला आलेल्या लोकांचा नंबर मोठा होता' असे कोणीही म्हणत नाही. तेथे 'संख्या' हाच शब्द येतो. वचनाला वचन म्हणतात, मासिकाच्या अंकाला अंक. म्हणजे मूळ शब्दाचा जो गाभा, तोच मराठीने बाहेर ठेवला. तिने उचलला तो फक्त ओळखीसाठी वा क्रमासाठी दिलेला आकडा, आणि त्याभोवती स्वतःचे अर्थ निर्माण केले.

त्यांतील पहिला अर्थ जमिनीचा. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी मोजणीपद्धती सिद्ध केली, तीत शेताचा प्रत्येक तुकडा मोजून त्याला आकडा देण्यात आला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात 'सर्व्हे नंबर' या संज्ञेला व्याख्या मिळाली. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यान्वये जेथे एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ही कागदोपत्रीची परंपरा झाली. बोलीत मात्र आकडा गळून पडला आणि 'नंबर' म्हणजे शेतच झाले. 'वरच्या नंबरात ऊस आहे, खालच्या नंबरात गहू केला' या वाक्यात आकड्याचा लवलेश नाही. पायाखालची काळी जमीन आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या मराठी पाठात 'भूमापन क्रमांक' अशी शब्दयोजना आहे, आणि कागदासाठी ती योग्यही आहे. परंतु 'वरच्या क्रमांकात ऊस आहे' हे वाक्य मराठी नव्हे.

दुसरा अर्थ अधिक विचारणीय आहे. उसाची लागण झाली की कारखान्याच्या शेतकी खात्याकडे नोंद होते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा प्रकार आणि लागणीची तारीख पाहून तोडीचा क्रम ठरतो. 'माझ्या उसाचा नंबर अजून लागला नाही' हे वाक्य या संदर्भात उच्चारले जाते. नंबर उशिरा लागला तर उसाला तुरा येतो, वजन घटते, रान पुढील पिकासाठी वेळेवर मोकळे होत नाही. एका वर्षाची कमाई या एका शब्दावर टांगलेली असते. येथे नंबर म्हणजे आकडा नव्हे, तर वेळ आणि वेळेवरचा हक्क. 'नंबर लागणे', 'नंबर लावणे', 'नंबर चुकणे', 'नंबर धरून ठेवणे' ही क्रियापदांची साखळी इंग्रजीची नाही. ती मराठीने घडविली आहे. 'उत्पादनात या जिल्ह्याचा क्रमांक वरचा लागतो' असे आपण लिहितो, हे खरे. पण तेथे 'लागणे' म्हणजे गणनेत स्थान मिळणे. वेळ येणे नव्हे.

यावर असा आक्षेप येईल की, या अर्थाला 'पाळी' आणि 'बारी' हे देशी शब्द होतेच; मग 'नंबर' कशाला? उत्तर कालव्यावर मिळते. तेथे पाणी शेजपाळीने दिले जाते आणि 'पाण्याची पाळी' हा प्रयोग आजही टिकून आहे. पाळी फिरते, एकदा गेली तरी फिरून येते. नंबर फिरत नाही. तो यादीत असतो, वरून खाली सरकतो आणि एकदा लागून संपतो. पाळीमागे आवर्तन आहे, नंबरामागे नोंदवही. नव्या संस्थांनी नवा क्रम आणला आणि त्या क्रमाला नवे नाव मिळाले. मात्र त्याच कालव्याच्या पाण्याची मागणी करायची, ती 'सात नंबर' अर्जावर! वस्तूला पाळी आणि कागदाला नंबर, अशी ही स्वच्छ वाटणी आहे. 'सातबारा' हा शब्दही गाव नमुना नंबर सात आणि बारा यांतून झाला. तेथे 'नंबर' लोपला आणि आकडेच नाम बनले.

नोंदवहीचा हा धागा 'दोन नंबरचा पैसा' या प्रयोगातही दिसतो. जो नोंदीत आहे तो एक नंबरचा, जो नोंदीबाहेर आहे तो दोन नंबरचा. 'एक नंबर गूळ' येथे प्रतवारी आहे. तीही कोणीतरी ठरवून दिलेलीच. या सर्व अर्थांना जोडणारे सूत्र एकच : दुसऱ्याने दिलेले, नोंदलेले स्थान. चष्म्याचा नंबर या सूत्रात ओढूनताणूनच बसतो, हे मान्य केले पाहिजे.

आता 'क्रमांक' या प्रतिशब्दाचे मूल्यमापन करता येते. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयापर्यंत शासनव्यवहार मराठीत आणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे मोल कमी नाही. 'क्र.' हे संक्षिप्त रूप आज सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. दोष शब्दाचा नसून त्याच्याकडून केलेल्या अपेक्षेचा आहे. 'क्रमांक' हा 'नंबर'च्या एका अर्थाचा, आकड्याचा, उत्तम पर्याय आहे. शेत, वेळ, हक्क आणि नोंद या अर्थांचा नाही. म्हणून 'नंबर : क्रमांक, संख्या' एवढीच कोशनोंद दुहेरी चुकीची ठरते. ती मराठीत नसलेला अर्थ देते आणि असलेले अर्थ गाळते.

शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने यावरून एक पथ्य पाळावे. आगंतुक शब्द मिळाला की त्याचे मूळ शोधण्यापूर्वी त्याच्यासोबत येणारी क्रियापदे टिपावीत. शब्दाचे कुळ कोशात सापडते, पण त्याचा संसार क्रियापदांत असतो. कारखान्याच्या दारात नंबर लागण्याची वाट पाहणारा शेतकरी इंग्रजी बोलत नसतो. तो मराठीच बोलत असतो, आणि त्याच्या मराठीची नोंद करणे हे आपले काम आहे.