‘क्रानकिंडरेन’ म्हणजे मुले नव्हेत

मध्ययुगीन ब्रूज बंदरात दारूची पिंपे उचलणारी लाकडी यारी होती. हान्स मेमलिंगच्या १४७९च्या वेदीचित्रात ती दिसते. तिच्या प्रचंड चाकांत चालून ती फिरविणाऱ्या श्रमिकांना डच भाषेत ‘क्रानकिंडरेन’ म्हणत. ‘यारीची मुले’ हे भाषांतर शब्दाला धरून, पण अर्थाला सोडून होय. जुन्या डचमधील ‘किंट’ म्हणजे मूल, तसाच तरुण व सेवकही. शिवाय या श्रमिकांचा स्वतःचा संघ होता. आमच्या मते ‘यारीचे गडी’ हाच पर्याय योग्य. ‘गडी’ शब्दात चाकरी आहे, तशी सोबतही आहे. ‘क्रान’मधला क्रौंच पक्षी ‘यारी’त हरपतो, ती हानी सोसावी, परंतु राबणाऱ्या प्रौढाला भाषांतरकाराने पोर ठरवू नये.