पाठमोरा अनोळखी : समुद्रकाठच्या एकांताचे छायाचित्र आणि साधारणीकरणाचा प्रश्न

प्रस्तावना

समुद्राकडे तोंड करून एकटीच बसलेली व्यक्ती हा हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही छायाचित्रकारांचा आवडता विषय आहे. महाविद्यालयीन प्रदर्शनांत, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत, दिनदर्शिकांच्या पानांवर तो पुनःपुन्हा भेटतो. खाली वाळू किंवा कठडा, मध्यभागी पाठमोरी आकृती, वर पाणी आणि आकाश अशी त्याची रचना जवळजवळ ठरलेली असते. खाली 'एकांत', 'चिंतन', 'अथांग' यांपैकी एखादे शीर्षक असते. व्यक्तीचे नाव नसते, कारण ते छायाचित्रकाराला ठाऊकच नसते. या छायाचित्रात दिसणारे चिंतन नेमके कोणाचे, हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न झाला. ते टिपण्याचा अधिकार कोठून येतो, हा नीतीचा. दुसऱ्या प्रश्नाला बगल देऊन पहिल्याचे उत्तर मिळत नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

चित्रकलेचा वारसा

ही रचना छायाचित्रणाने चित्रकलेकडून घेतली आहे. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिख याने 1808 ते 1810 या काळात 'समुद्रकाठचा साधू' हे चित्र रंगविले. प्रचंड आकाश, काळसर पाण्याची पट्टी आणि किनाऱ्यावर अगदी लहानशी मानवी आकृती एवढाच त्याचा ऐवज आहे. साधूची प्रेक्षकाकडे जवळजवळ पाठच असल्यामुळे प्रेक्षक त्याच्या जागी स्वतः उभा राहू शकतो. येथे कोणाचेही काही हिरावले जात नाही. तो साधू चित्रापुरता आहे. चित्राबाहेर त्याला घर नाही, कुटुंब नाही, काळजी नाही.

छायाचित्रातील माणसाला हे सारे असते. रोलाँ बार्थ याने 1980 मधील 'कॅमेरा लुसिडा' या ग्रंथात छायाचित्राचे हेच वैशिष्ट्य सांगितले आहे : छायाचित्रात जे दिसते ते भिंगासमोर एकदा खरोखरच होते, हे नाकारता येत नाही. दागेरने 1838 मध्ये पॅरिसमधील एका हमरस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात माणसाचे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र आढळते असे सामान्यतः मानले जाते. प्रकाशनाचा काळ काही मिनिटांचा असल्याने रस्त्यावरची सारी वर्दळ पुसली गेली आणि जोड्यांना पॉलिश करून घेत थांबलेला एक गृहस्थ तेवढा उमटला. आपले चित्र घेतले जात आहे याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस अनोळखी होता, आणि तो उमटला तो स्थिर राहिल्यामुळे. समुद्रकाठी स्वस्थ बसलेल्या माणसाकडे कॅमेरा आजही याच कारणाने वळतो, असे म्हणावयास जागा आहे.

साधारणीकरण आणि त्याची मर्यादा

भारतीय काव्यशास्त्रात या प्रश्नाकडे पाहण्यासाठी एक समर्थ संकल्पना उपलब्ध आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने स्वीकारलेल्या साधारणीकरणाच्या विचारानुसार, रसास्वादाच्या वेळी भाव हा अमुक एका व्यक्तीचा राहत नाही. तो पात्राचाही नसतो आणि प्रेक्षकाचा खाजगीही नसतो. अभिनवगुप्ताने यासाठी 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या अंकातील हरिणाचे उदाहरण घेतले आहे. रथ पाठलाग करीत आहे, मान वळवून मागे पाहत हरिण पळत आहे. सहृदयाला जाणवते ती 'या' हरिणाची भीती नव्हे, तर देशकालाच्या बंधनातून सुटलेली भीती.

हे उदाहरण छायाचित्राला लावून पाहिल्यास अडचण ध्यानात येते. कालिदासाचे हरिण शब्दांत पळते. कठड्यावर बसलेला माणूस मात्र चित्र घेऊन झाल्यावर उठतो, पँट झटकतो आणि घरी जातो. त्याचा विषाद (तो विषाद असेल तर) सार्वत्रिक करण्याचे काम त्याच्या अपरोक्ष होते. सूझन सोन्टॅग यांनी 1977 मधील 'ऑन फोटोग्राफी' या पुस्तकात कॅमेऱ्याला शिकारीच्या परिभाषेत पाहिले आहे. ते रूपक काहींना अतिरेकी वाटेल. परंतु शाकुंतलातील तो प्रवेश शिकारीचाच आहे, हे विसरता येत नाही.

मरीन ड्राइव्हचा कठडा

हा प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एका परिचित जागेकडे वळणे उचित ठरेल. मुंबईतील मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर रोज सायंकाळी माणसे रांगेने बसलेली असतात. 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहात येथील इमारतीही आहेत. पण समुद्राकडे वळलेल्या माणसाची पाठ नेमकी या वारशाकडे असते.

या जागेची रचनाच छायाचित्राचे स्वरूप ठरविते. कठड्यापलीकडे टेट्रापॉडचे दगडी भासणारे काँक्रीटचे ढीग आणि लगेच पाणी असल्यामुळे छायाचित्रकाराला समोर जाणे सोयीचे नसते. तो पदपथावर, मागेच उभा राहतो. गिरगाव चौपाटीच्या वाळूत वळसा घालून चेहरा टिपता येतो, येथे ते कठीण. म्हणजे पाठमोरेपणा हा नेहमी छायाचित्रकाराचा विवेक असतोच असे नाही; पुष्कळदा तो भूगोल असतो. शिवाय छायाचित्रकार जेथे उभा असतो ती बाजू शहराची आहे. बसलेल्या माणसाने ज्या बाजूकडे पाठ फिरविली, त्याच बाजूने त्याच्याकडे पाहिले जाते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. किनारा पश्चिमेकडे असल्याने सूर्य बसणाऱ्याच्या समोर मावळतो. आकाशाचे रंग नीट यावेत म्हणून प्रकाशमापन आकाशावर केले, की माणूस काळी छायाकृती होऊन जातो. त्याचे वय, कपड्यांचा पोत, शेजारी ठेवलेली डब्याची पिशवी, काढून ठेवलेल्या चपला हे सर्व त्या काळ्या रंगात बुडते. रसशास्त्रात साधारणीकरण ही काव्यव्यापारातून घडणारी गोष्ट आहे. येथे ती छिद्राच्या एका आकड्याने उरकली जाते. दिनदर्शिकेवरील 'एकांत' बहुतांशी या आकड्याची निर्मिती असते.

आणि जे बुडाले तेच महत्त्वाचे होते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसांनी राहण्याची सवय असलेल्या शहरात एकटे बसायला जागा लागते, आणि ती फुकट लागते. कठडा ही अशी जागा आहे. चर्चगेटची गाडी पकडण्यापूर्वी अर्धा तास येथे बसणारा कारकून, निकाल घरी कसा सांगावा या विवंचनेतील विद्यार्थी, रुग्णालयातून बाहेर पडून थोडा वेळ कोणाशीच न बोलू इच्छिणारी स्त्री : यांच्यासाठी तो कठडा म्हणजे त्यांच्या घरात नसलेली खोली आहे. अशा माणसाचे चित्र रस्त्यावरचे म्हणून घेतले जाते. त्याच्या लेखी मात्र ते खोलीत शिरून घेतलेले असते.

येथे एक पेच उद्भवतो, आणि तो सोडविल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. छायाकृतीऐवजी डब्याची पिशवी आणि झिजलेल्या चपला दाखविणारे छायाचित्र अधिक सत्य असेल, कलादृष्ट्याही बहुधा सरस असेल. पण तेच अधिक अतिक्रमण करणारे असेल, कारण त्यात माणूस ओळखू येईल. छायाकृती माणसाला लपविते म्हणून सभ्य आणि पुसून टाकते म्हणून खोटी. हौशी छायाचित्रकाराला यांतील पहिलाच गुण दिसतो.

तीन मार्ग

या पेचातून काही समर्थ छायाचित्रकारांनी आपापल्या परीने वाट काढली. वॉकर एव्हान्सने 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांची चित्रे घेतली. विचारात हरवलेले ते चेहरे समुद्रकाठच्या चेहऱ्यांहून वेगळे नाहीत. मात्र त्यांचे पुस्तक 1966 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर निघाले. चोरी झाली हे खरे. पण मधला काळ इतका गेला की चित्रातले अनेक चेहरे तोवर बदलून गेले असणार.

फिलिप-लॉर्का डिकोर्सिया याला एवढा धीर नव्हता. टाइम्स स्क्वेअरमध्ये 1999 ते 2001 या काळात दुरून, लपविलेल्या झोताच्या साहाय्याने टिपलेल्या चेहऱ्यांपैकी एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी आपल्या धर्मश्रद्धेचा दाखला देऊन त्याच्याविरुद्ध दावा लावला. 2006 मध्ये न्यायालयाने ती छायाचित्रे कलाभिव्यक्ती ठरवून दावा फेटाळला. कायदा कलेच्या बाजूने उभा राहिला, एवढ्याने त्या गृहस्थांचे म्हणणे निरर्थक ठरत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट 2017 मध्ये खाजगीपणाचा हक्क मूलभूत मानला. त्या निकालपत्रात, व्यक्ती सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून तिचा खाजगीपणा संपत नाही, असाही विचार आला आहे. कठड्यावरच्या माणसाला हे वाक्य ठाऊक असण्याचा संभव कमी. तो ज्या भरवशावर तेथे बसतो तो मात्र हाच आहे.

तिसरा मार्ग डच छायाचित्रकार रिनेके डाइकस्ट्रा यांचा. 1992 ते 2002 या दशकात त्यांनी पोलंडपासून अमेरिकेपर्यंतच्या किनाऱ्यांवर किशोरवयीन मुलामुलींची चित्रे घेतली. तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा, समोरासमोर उभे राहणे, समुद्र मागे. मुले कॅमेऱ्याकडे पाहतात. हात कोठे ठेवावेत हे त्यांना उमगत नाही. येथे चिंतन नाही. संमती मागितली की चिंतन मोडते, हे त्यांनी स्वीकारले आणि मोडल्यानंतर जे उरले, ते अवघडलेपण, त्याचेच चित्र केले. पाठमोऱ्या छायाकृतीत प्रेक्षक आपले दुःख सहज ओततो. या मुलांच्या बाबतीत ते करता येत नाही, कारण ती आपल्याकडे पाहत असतात.

त्यांच्या शीर्षकांची पद्धतही लक्षणीय आहे. 'एकाकी' नाही, 'प्रतीक्षा' नाही. फक्त गावाचे नाव, देश आणि तारीख : कोलोब्झेग, पोलंड, 26 जुलै 1992. मुलीच्या मनात काय चालले होते याविषयी शीर्षक एक अक्षरही बोलत नाही. मराठी वृत्तपत्राच्या पुरवणीत उद्या पुन्हा कठड्यावरची पाठमोरी आकृती छापली जाईल, तेव्हा तिच्याखाली 'चिंतन' असे लिहिण्याआधी संपादकाला एवढे तरी विचारता येईल, की हे कोणी सांगितले? तिला कदाचित फक्त सव्वासहाची गाडी चुकली असेल.