गोदाकाठची गाथा आणि बी.ए.चा साहित्यशास्त्राचा पेपर

१

बी.ए.ला मराठी हा मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला कुठल्या ना कुठल्या वर्षी साहित्यशास्त्राचा पेपर येतोच. विद्यापीठ बदलले की पेपरचे नाव बदलते, आतला ऐवज फारसा बदलत नाही. काव्याची लक्षणे, प्रयोजने आणि कारणे. अभिधा, लक्षणा, व्यंजना. रस आणि त्याचे चार भाष्यकार. पलीकडच्या अंगाला ॲरिस्टॉटल, वर्डस्वर्थ, कोलरिज. याच विद्यार्थ्याला दुसऱ्या पेपरात एखादी कादंबरी आणि कवितासंग्रह असतो. जिथे भारतीय साहित्याचा वेगळा पेपर आहे तिथे एखाद्या कन्नड किंवा मल्याळम कादंबरीचा अनुवादही असतो. घर एक, खोल्या तीन. पण एका खोलीतून दुसरीत जायला आतून दार नाही. साहित्यशास्त्राच्या तासाला कविता वाचली जात नाही आणि कवितेच्या तासाला व्यंजनेचे नाव निघत नाही.

हे दार आपल्याला नव्याने पाडायचे नसून ते मुळातच होते आणि पाठ्यपुस्तकांनी ते बुजवले, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी मी एकच गाथा घेतो.

२

प्रथम हे बोलणारा कोण, ते सांगतो. मी प्राध्यापक नाही. नोकरी सांभाळून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पदवी घेतली. पुढचा अभ्यास सार्वजनिक ग्रंथालयांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या आधाराने झाला. तालुक्याच्या गावी परीक्षेच्या हंगामात मराठीची मुले-मुली शंका घेऊन येतात, त्यांच्याबरोबर बसतो. त्यामुळे त्यांच्या वह्या आणि त्यांच्या हातातली तयार उत्तरांची मार्गदर्शके मला जवळून पाहायला मिळतात.

या मार्गदर्शकांतले लक्षणेचे उदाहरण जवळजवळ ठरलेले आहे: गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर वस्ती असणे शक्य नाही, म्हणून ‘गंगेवर’ याचा अर्थ ‘गंगेच्या काठावर’ असा घ्यायचा आणि ‘काठ’ न म्हणता ‘गंगा’ म्हटल्याने शीतलता, पावित्र्य सूचित होते असे लिहायचे. उदाहरण चोख आहे, पण ते शास्त्रकारांनी शास्त्रासाठी घडवलेले वाक्य आहे. ते कोणी कोणाला कधी म्हटलेले नाही. मुलांची त्यावरून समजूत होते, की व्यंजना ही वाक्याच्या पोटात दडवलेली वस्तू आहे आणि सूत्र लावले की ती बाहेर येते.

रसाच्या बाबतीतही तेच. लोल्लट म्हणजे उत्पत्ती, शंकुक म्हणजे अनुमिती, भट्टनायक म्हणजे भुक्ती, अभिनवगुप्त म्हणजे अभिव्यक्ती, ही चौकट तोंडपाठ असते. पण पहिल्या तिघांचे यावरचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांची मते मुख्यतः अभिनवगुप्ताने खंडनासाठी मांडली तशी आपल्याला कळतात, हे मी पाहिलेल्या बहुतेक मार्गदर्शकांत नाही. प्रतिपक्षाच्या तोंडून कळलेला विचार किती विश्वासाने घ्यावा, हा खरे तर समीक्षेच्या अभ्यासातला पहिला प्रश्न. तो विचारलाच जात नाही, कारण त्याला गुण नाहीत.

३

आता गाथेकडे येतो. हालाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. एक स्त्री एका धार्मिक वृत्तीच्या गृहस्थाला सांगते: बाबा, आता तू बिनघोर हिंड, तुला भीती घालणारे ते कुत्रे आज मारले गेले, गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने ते मारले. गाथा एवढीच. वाच्यार्थाने ती ‘जा’ म्हणते. पण जो कुत्र्याला भीत होता, तो सिंहाचे नाव ऐकून त्या वाटेला जाईल का? म्हणजे शब्द ‘जा’ म्हणतात आणि अर्थ निघतो ‘फिरकू नकोस’.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, तेव्हा पहिल्याच उद्योतात वाच्य आणि व्यंग्य यांतला फरक दाखवण्यासाठी त्याने ही गाथा घेतली. अभिनवगुप्ताने ‘लोचन’ टीकेत तिचा प्रसंग उलगडला: ती झाडी हे त्या स्त्रीचे संकेतस्थळ आहे आणि हा गृहस्थ फुलेपाने तोडायला तिथे येऊन एकांत मोडतो. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’मध्ये हरकत घेतली: यात व्यंजना नावाची वेगळी शक्ती कशाला हवी? हे साधे अनुमान आहे. भित्रा माणूस भयाचे कारण नसेल तिथेच हिंडतो. तिथे सिंह आहे. म्हणून त्याने तिथे हिंडू नये.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात याला दिलेले उत्तर मला आजही वर्गात वाचून दाखवण्याजोगे वाटते. भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रेमापोटी भयाच्या जागी जातो, तेव्हा तुमची व्याप्ती पक्की नाही. कुत्र्याला भिणारा वीर सिंहाला भिणार नाही, असेही होऊ शकते. आणि मुख्य म्हणजे तिथे सिंह आहे हे कोणी पाहिले? ते केवळ त्या स्त्रीच्या बोलण्यावरून कळते, आणि बोलले म्हणजे ते असतेच असे नाही. हेतूच सिद्ध नसेल तर अनुमान कसले? सिंह नसतानाही गाथेचा अर्थ लागतो. किंबहुना सिंह नसेल तरच ती गाथा खरी रंगते.

गोदावरीच्या काठचे चार शब्द काश्मिरात जातात आणि तिथे काही पिढ्या त्यांच्यावर वाद चालतो. भारतीय साहित्य ही कल्पना खरी की सोयीची, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या साहित्य अकादेमीची भूमिका अनेक भाषांतून लिहिलेले एकच साहित्य अशी राहिली. उलट एजाज अहमद यांनी १९९२च्या ‘इन थिअरी’मध्ये या कल्पनेलाच कठोर प्रश्न विचारले. विद्यार्थ्याला दोन्ही बाजू पाठ करायला लावण्यापेक्षा ही गाथा हाती द्यावी. एका भाषेतली ओळ दुसऱ्या प्रदेशातला वाचक संस्कृत छायेच्या मदतीने वाचतो आणि तिच्यावरून भांडतो, हा व्यवहार प्रत्यक्ष घडलेला आहे. त्यात एकता किती आणि संस्कृतची सत्ता किती, हे मग त्यानेच ठरवावे.

आणि एक रुखरुख. पैठण, नांदेड, नाशिक या गोदाकाठच्या गावांतली मुले ध्वनी शिकतात ती गंगेवरच्या वस्तीवरून. स. आ. जोगळेकरांची गाथासप्तशतीची मराठी आवृत्ती १९५६पासून मराठीत आहे. तरी ही गाथा मराठीच्या पेपरात आलीच, तर प्राचीन वाङ्मयाच्या इतिहासात नावापुरती येते.

४

मम्मटाने व्यंजना कशाकशामुळे कळते याची यादी दिली आहे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कसा, वाक्य कोणते, वाच्यार्थ काय, जवळपास आणखी कोण आहे, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, काळ कोणता. मुले ही यादी लक्षणांसारखी पाठ करतात. माझ्या मते ती लक्षणांची यादी नाही, प्रश्नावली आहे. कुठल्याही कवितेपुढे, कथेपुढे किंवा जाहिरातीपुढे ती ठेवता येते.

तिच्या शेजारी आय. ए. रिचर्ड्स यांचा प्रयोग ठेवावा. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी लिहिलेली मते गोळा केली. १९२९ सालच्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये अशा तेरा कवितांवरची मते आहेत. चांगले शिकलेले विद्यार्थीही कवितेचा साधा अर्थ चुकवतात आणि ठरीव प्रतिक्रिया देतात, हे त्यातून दिसले. रिचर्ड्स संदर्भ काढून घेतात, मम्मट संदर्भ विचारतो. वरवर या दोन पद्धती विरुद्ध आहेत. पण वाचणाऱ्याने स्वतः वाचावे, ऐकीव मत सांगू नये, हा आग्रह दोन्हीकडे आहे. ‘भारतीय’ आणि ‘पाश्चात्य’ असे दोन घटक करून त्यांची तुलना लिहायला लावणाऱ्या प्रश्नात नेमका हाच आग्रह हरवतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नंतर भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात अधिक जागा मिळते आहे. ती मिळावीच. पण परंपरा म्हणजे अभिमानाने घ्यायच्या नावांची माळ झाली, तर तिच्यातले भांडण नाहीसे होईल. महिमभट्टाला वगळून मम्मट शिकवणे म्हणजे वादीला हाकलून देऊन प्रतिवादीचे भाषण ऐकण्यासारखे आहे.

५

ही प्रश्नावली आजच्या मजकुराला लागते का? बाबुराव बागूलांच्या १९६३च्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ असे आहे. शीर्षककथेतला निवेदक रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवून खोली मिळवतो आणि जात कळल्यावर मार खातो. शीर्षकातला ‘चोरली’ हा शब्द पाहा. मराठीत आपण अंग चोरतो, काम चोरतो, नजर चोरतो. तिथे चोरणे म्हणजे दडवणे, आवरून घेणे. त्या अर्थाने निवेदकाने जात दडवली. पण ‘चोरी’ हा गुन्हाही आहे. स्वतःची जात स्वतः कशी चोरणार? ज्या समाजात स्वतःविषयी गप्प राहणे हाच गुन्हा ठरतो, त्या समाजाचा कायदा या एका क्रियापदात ऐकू येतो. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे विचारल्याशिवाय तो ऐकू येत नाही. जेरी पिंटो यांच्या २०१८च्या इंग्रजी अनुवादाच्या नावात जात ‘लपवली’ जाते. इंग्रजीत तसे करणे भागही असेल, पण चोरी तिथेच मागे राहते. भारतीय साहित्याच्या पेपरात अनुवाद वाचताना नेमके काय मागे राहिले हे शोधायला शिकवता येते. आणि ज्या मुलाला मूळ भाषा येते, तो त्या तासापुरता शिक्षक होतो.

इथेच शास्त्राची मर्यादाही तपासावी. ध्वनी कळतो सहृदयाला, असे आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त म्हणतात. पण सहृदय कोणाला म्हणायचे? शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६च्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’मध्ये आनंद हा निकष नाकारला आणि वाचकाची जाणीव जागी होणे महत्त्वाचे मानले. ही हरकत रसविचाराच्या मुळाशी जाते. तिला वळसा घालता येणार नाही. तरी अभिनवगुप्ताकडेच एक उपयोगी हत्यार आहे. त्याने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. पहिले विघ्न म्हणजे समोरचे घडू शकते अशी संभावनाच मनात नसणे. दुसरे म्हणजे वाचकाने आपल्या-परक्याच्या, देशकाळाच्या चौकटीत अडकून राहणे. रा. पं. कंगले यांच्या ‘रस-भाव-विचार’मुळे ही चर्चा मराठीत सविस्तर वाचता येते. बागूलांची कथा वाचून ‘असं कुठं होतं का’ म्हणणारा वाचक या हिशेबाने पहिल्याच विघ्नात अडकलेला आहे. दोष कथेचा नाही, आस्वाद घेणाऱ्याचा आहे. अभिनवगुप्ताने हे अशा कथेसाठी लिहिले नव्हते, हे उघड आहे. त्याने कल्पिलेल्या प्रेक्षागृहात बागूलांच्या निवेदकाला जागा मिळाली असती का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पण हत्यार कोणी घडवले यापेक्षा ते आज कोणाच्या हाती आहे, याला अधिक महत्त्व आहे. विद्यार्थ्याने ते वापरावे आणि जिथे ते बोथट ठरेल तिथे लिंबाळ्यांकडे वळावे.

६

साहित्यशास्त्राचा पेपर काढून टाका, असे मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी पुस्तके नव्हती अशा मुलांना शब्द नेमका वापरायची सवय लावणारा तो एकमेव पेपर असू शकतो. कोणी काही म्हणाले तर ते कोण म्हणतो आहे, कोणाला म्हणतो आहे, न बोलता काय सुचवतो आहे, हे ओळखणे त्यांना नोकरीच्या मुलाखतीत, ग्रामसभेत आणि मोबाइलवर येणाऱ्या मजकुरापुढे रोजच लागते. सिंह आहे असे कोणी सांगितले की तो कोणी पाहिला, हे विचारायचे धाडस मम्मटाच्या त्या उत्तरातून येते. पदवीपर्यंत पोचूनही ते हाती लागत नसेल, तर तीन वर्षांत मुलांना फक्त नावे मिळाली असे म्हणावे लागेल.

सुचवायचे ते थोडके आहे. या पेपरात एक सक्तीचा प्रश्न अपरिचित मजकुरावर असावा: एखादी गाथा, ओवी, कवितेच्या ओळी किंवा कथेतला उतारा. लेखकाचे नाव देऊ नये. खाली मम्मटाचे नऊ प्रश्न छापून द्यावेत, म्हणजे पाठांतराची गरज उरणार नाही. त्यातल्या लागतील त्या प्रश्नांच्या आधारे विद्यार्थ्याने एक पान लिहावे आणि एखादा प्रश्न लागत नसेल तर तो का लागत नाही तेही लिहावे. अशा प्रश्नाचे तयार उत्तर कोणालाच छापून विकता येणार नाही. तपासणाऱ्याला प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचावे लागेल, हे त्याचे काम वाढवणारे आहे हे मला ठाऊक आहे. पण साहित्याच्या पेपरात निदान एक पान तरी वाचावे लागावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.