बिल निघालं म्हणजे ठेका नीट झाला?

ग्रामपंचायतीच्या ठेक्यांवर संशोधन करायचंय? मग नुसत्या 'ई-ग्रामस्वराज'वर भिस्त ठेवू नका. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेलं हे पोर्टल केळझरसारख्या गावाचाही आराखडा नि खर्च घरबसल्या दाखवतं, हे मान्य. पण त्यावरून नालीचं बिल निघालं, एवढंच कळतं. मुदतवाढ का दिली, मोजमाप पुस्तिकेत काय नोंदलं, दोषदायित्व कालावधीत नाली फुटली तर कंत्राटदाराकडून दुरुस्त करून घेतली की सुरक्षा ठेव तशीच परत केली? ठेक्याचं व्यवस्थापन तिथे कळतं, आणि ते फायलीत असतं. म्हणूनच खर्चाची टक्केवारी घेऊन 'कार्यक्षमता' मोजणारे प्रबंध मला पटत नाहीत. दहाच कामं घ्या, पण माहिती अधिकारात पूर्ण फाईल मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. अपील धरून वेळापत्रक आखा.